तेरा नंबरचा माईक

तळवलीच्या त्या दोन खोल्या आम्हाला मिळाल्या त्या माझ्या आवाजामुळे. हे मी कौतुकानं सांगत नाही, झालं तसंच सांगते. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नवऱ्याची नोकरी ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका कारखान्यात, माझी वाशीला टेलिफोनच्या ऑफिसात, ट्रंक ऑपरेटर म्हणून, परगावचे फोन जोडून द्यायला. खोली बघायला गेलो तर घरमालक हातात टाल्कम पावडरचा रिकामा डबा घेऊन बाहेर आले. डब्याच्या बुडातून वायर लोंबत होती. नाव नाही, गाव नाही, जात नाही, काही विचारलं नाही. डबा माझ्या तोंडासमोर धरला आणि एक चिठ्ठी हातात दिली. त्यावर लिहिलं होतं, 'फणसाच्या फोडी, भोपळ्याचं भरीत, शेजारच्या शशीची शेळी सुटली.'

मी घाबरत घाबरत वाचलं. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि आत बघून बायकोला सांगितलं, "यांना खोली दे. हिचा स कापत नाय."

मग माझ्या नवऱ्यालाही वाचायला लावलं. त्याच्या वाचनावर ते नुसतंच "चालंल" म्हणाले, आणि तो पुढे कित्येक वर्षं या 'चालंल'वरून नाराज होता. भाड्याचं वगैरे काय ते वहिनींशी बोलून घ्या, असं म्हणून डबा घेऊन ते आत गेले. अख्खं गाव त्यांना दादा म्हणायचं, आम्हीही म्हणायला लागलो.

दादा पन्नाशीचे. बुटके, काळेसावळे, मनगटं जाड. वडिलांची भातशेती आणि मिठागरातली हिस्सेदारी नवी मुंबई उभी राहताना गेली आणि त्याबदली दादांना कारखान्यात वायरमनची नोकरी लागली. तिथल्या एका साहेबांनी त्यांना हॅम रेडिओचा नाद लावला. हॅम म्हणजे सरकारी परवाना काढून घरातल्या घरात छोटं रेडिओ स्टेशन चालवणारे हौशी लोक. परवान्याची परीक्षा दादांनी दुसऱ्या खेपेला पास केली, सेट स्वतः जोडला, आणि अंगणातल्या चिंचेपासून गच्चीवरच्या टाकीपर्यंत एरियलची तार ताणली. वहिनी त्या तारेवर एकदा गोधडी वाळत घालायला गेल्या. त्या दिवशी दादांचा चढलेला आवाज अर्ध्या तळवलीनं रेडिओशिवाय ऐकला.

सेटबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती. त्यांचं सगळं डोकं चालायचं ते माईकपाशी. बाजारात तयार माईक मिळत होता, पण दादा म्हणायचे की आवाज माझा आहे तर त्याचं दारही मीच करणार. भिंतीवर खिळ्यांची रांग होती आणि प्रत्येक खिळ्याला एक निवृत्त माईक टांगलेला. खाली पेन्सिलीनं नंबर आणि दोष. पहिला माईक जुन्या काळ्या टेलिफोनच्या रिसिव्हरमधला, कोळशाच्या बारीक कणांचा. खाडीच्या दमट हवेत ते कण एकमेकांना चिकटायचे, म्हणून बोलायच्या आधी त्याला बोटाच्या पेरानं दोनदा ठोकावं लागे. त्याखाली लिहिलं होतं, 'ठोका लागतो.' चौथा म्हणजे मोडक्या रेडिओचा छोटा स्पीकर उलटा वापरलेला. ज्यातून आवाज यायचा त्यातच बोलायचं. त्याखाली एकच शब्द, 'रांजन.' त्यात बोललं की माणूस रांजणात बसलाय असं वाटायचं. सातवा पावडरचा डबा. टेपरेकॉर्डरमधून काढलेली शर्टाच्या बटणाएवढी, आवाज पकडणारी कॅप्सूल त्यात बसवली होती. माझी परीक्षा झाली ती याच डब्यावर. तो धुतला होता, तरी झाकणाच्या भोकांत पावडर उरलीच होती. पहिल्याच रविवारी 'भोपळ्याचं' म्हणताना ती उडून नाकात गेली, आणि महाराष्ट्रातल्या पंधरा-वीस स्टेशनांनी दादांच्या लागोपाठ सहा शिंका ऐकल्या.

वहिनींच्या स्वयंपाकघरातून वस्तू नाहीशा व्हायच्या आणि काही दिवसांनी भिंतीवर सापडायच्या. मोदकपात्राची जाळी, स्टीलचं फुलपात्र, चक्का टांगायची मलमल. वहिनी शांतपणे भिंतीपाशी येत, बघत, आणि गेलेल्या वस्तूला हात लावून परत जात. भांडत नसत. भांडणं त्या साठवून ठेवत असाव्यात, असं आता वाटतं.

मी त्या घरात भाडेकरू होते तशी दादांचे कानही होते. ऑफिसात आठ तास कानाला हेडफोन लावून बसायची माझी सवय त्यांच्या फार कामाला आली. रविवारी सुट्टी असली की मी त्यांच्या खोलीत बसायची, वहीत नोंदी करायची. आवाजात गुरगुर आहे, स कापतो, भ फुटतो, तळ जास्त झाला. गुरगुर कशाची हे शोधायला दादांना दोन महिने लागले. सेटमधून निघालेल्या लहरी माईकच्याच वायरमधून परत आत घुसत होत्या. दादांनी वायरला तांब्याची वेणी चढवली, डब्याला अर्थिंग दिलं, कॅप्सूलच्या पायांवर तांदळाच्या दाण्याएवढा कपॅसिटर जोडला, आणि गुरगुर गेली. त्या दिवशी त्यांनी मला आणि वहिनींना घणसोलीहून जिलेबी आणली. मग घरघर उरली ती ट्यूबलाइटची. तेव्हापासून बोलताना ट्यूब बंद, पंखाही बंद. फरशीवरून आवाज घुमतो म्हणून चारी बाजूंनी गोधड्या टांगल्या. त्या तंबूत दादा बनियनवर, घामानं निथळत बसायचे आणि बाहेर आलं की पहिला प्रश्न मला, "बाय, कसा जाला?"

आणि रविवारी मास्तर काय म्हणतात, हा दुसरा प्रश्न. तो मात्र मला विचारलेला नसायचा.

मास्तर सांगलीकडच्या एका गावात राहायचे. संगीताचे शिक्षक होते आणि जन्मापासून अंध. दर रविवारी सकाळी साडेआठला ते सगळ्या स्टेशनांची हजेरी घ्यायचे. या हजेरीला हॅम लोक 'नेट' म्हणतात. प्रत्येक हॅमला सरकारनं दिलेलं अक्षर-आकड्यांचं एक नाव असतं, ते आधी सांगायचं आणि मग बोलायचं असा नियम. पण मास्तरांना त्याची गरज नसायची. समोरच्यानं नुसतं "नमस्कार" म्हटलं की मास्तर त्याला नावानं हाक मारायचे, वर सर्दी झाली का तेही विचारायचे. पस्तीस-चाळीस माणसांचे आवाज त्यांच्या कानात घर करून होते. एक दादा सोडून.

मी तिथे राहायला गेले त्याच्या थोडं आधी दादांनी न राहवून त्यांना विचारलं होतं, मास्तर, माझा आवाज तुम्ही ओळखत नाही का? मास्तर सरळ माणूस. ते म्हणाले, "तुमचा माईक मी लगेच ओळखतो. आवाज मात्र अजून सापडला नाही."

हे त्यांनी सहज म्हटलं. दादांच्या ते काळजात जाऊन बसलं. तेव्हा त्यांचा पाचवा माईक चालू होता. त्यानंतर सहावा, सातवा, आठवा असे होत गेले ते या एका वाक्यापायी. प्रत्येक नवा माईक लावला की दादा हजेरीला आपलं सरकारी नाव मुद्दाम थोडं उशिरा सांगायचे, मास्तर आधी ओळखतात का बघायला. मास्तर थांबायचे, ऐकायचे आणि म्हणायचे, "हा नवा माईक दिसतोय, म्हणजे तळवली." चिडवायला म्हणायचे नाहीत. त्यांना खरंच तेवढंच कळत होतं.

वाशीत एक इंजिनीअर राहायचे, तेही हॅम. त्यांच्याकडे परदेशातून आणलेला माईक होता, चकचकीत, जड. एका रविवारी ते तो घेऊन स्वतः तळवलीला आले आणि महिनाभर वापरून बघा म्हणाले. मनानं फार चांगला माणूस. दादांनी माईक हातात घेतला, उलटासुलटा केला, वास घेतला, आणि चहा पाजून परत दिला. ते गेल्यावर मला म्हणाले की याच्यातून मास्तरनी मला ओळखलं तर ते या कंपनीला ओळखतील.

आता मला जे कधीचं दिसत होतं ते सांगायला हवं. दादांना दोन आवाज होते. एक घरातला. खणखणीत, थोडा वरच्या पट्टीतला, शब्द एकमेकांच्या अंगावर पडत येणारे. आणि दुसरा माईकसमोरचा. बटण दाबलं की दादांचा गळा खाली जायचा, मान ताठ व्हायची, आणि ते बातम्या वाचल्यासारखं बोलू लागायचे, "नमस्कार. आपला संदेश व्यवस्थित प्राप्त झाला आहे. येथील हवामान स्वच्छ आहे." बटण सोडलं की, "बाय, पंखा लाव, मरतंय मी." माईक तेरा केले तरी त्यांच्यात शिरणारा माणूस कुणी दुसराच होता.

मला हे कळलं कारण मीही तेच करायची. ऑपरेटरचा एक आवाज असतो, तो ड्यूटीवर आपोआप लागतो. एकदा माझ्या आईनं नाशिकहून मला ऑफिसात फोन केला. मी उचलला. आई म्हणाली, "बाई, जरा माझ्या मुलीला बोलावता का?" मी म्हटलं, आई, मीच. ती म्हणाली की तू बरी आहेस ना गं. हा किस्सा मी मैत्रिणींना हसत सांगत असे. एकटी असताना मात्र हसू येत नसे.

हाच किस्सा मी एक दिवस दादांना सांगितला, आणि पुढचंही बोलून गेले. म्हटलं, दादा, माईकमध्ये दोष नाही. तुम्ही घरी बोलता तसं एकदा बोलून बघा.

दादा चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मला वाटलं आता खोली जाते. पाचव्या दिवशी मी अंगणात कपडे वाळत घालत होते तेव्हा ते येऊन चिंचेखाली उभे राहिले आणि तारेकडे बघत बोलले.

"बाय, पयल्या रविवारी मी तसाच बोललो होतो. इकरं पाऊस हाय, म्हनलं. तर कोनतरी हसला. त्याचा बटन दाबलेलाच व्हता, त्याला म्हायती नवता. सगल्यांनी ऐकला. मीबी ऐकला. मास्तर तवा नेटवर नवते."

एवढंच. कुणाचं तरी हसू त्यांनी पाच वर्षं पोटात ठेवलं होतं आणि त्याच्यावर इतके माईक बांधले होते. फार वाईट वाटलं मला, आणि रागही आला त्या हसणाऱ्याचा, ज्याला बिचाऱ्याला आपण हसलो हे आठवतही नसेल.

त्यानंतर थोड्याच दिवसांत जाहीर झालं की थंडीत वाशीला एका शाळेच्या हॉलमध्ये हॅम लोकांचा मेळावा भरणार आणि मास्तर येणार. मास्तरांची मेळाव्यातली पद्धत सगळ्यांना माहीत होती. ते खुर्चीत बसतात, एकेक जण पुढे जाऊन हातात हात देतो, नाव न सांगता एक वाक्य बोलतो आणि मास्तर त्याचं नाव सांगतात. लोक याची वाट बघायचे. दादांनी हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा उतरला. सगळ्या हॉलमध्ये ज्याला स्वतःचं नाव स्वतः सांगावं लागेल असा एकच माणूस असणार होता. मेळाव्याला तीन महिने होते.

तेरावा माईक त्या तीन महिन्यांतला. दादांच्या लक्षात आलं होतं की 'फ' आणि 'भ' म्हणताना तोंडातून निघणारी हवा अडवायला बारीक जाळी लागते, आणि तशी जाळी घरात एकाच वस्तूला आहे. चहाच्या गाळणीला. वहिनींकडे एका मापाच्या दोन गाळण्या होत्या. दोन्ही गेल्या. त्यांच्या दांड्या कापून तोंडाला तोंड लावून दादांनी एक गोल डबी केली, आत मलमल, मलमलीच्या आत स्पंज, स्पंजच्या पोटात कॅप्सूल. खाली दाराच्या बेलचं बटण, बोलताना दाबायला. चाचणीला माईक टेपरेकॉर्डरला जोडला, मी हेडफोन लावला आणि दादांनी फणसाच्या फोडी म्हटल्या. मी हेडफोन काढून ठेवला. वहीत लिहायला काही नव्हतं. कापणं नाही, फुटणं नाही, गुरगुर नाही. दादा समोर बसून बोलत होते तेवढंच स्वच्छ. तो माईक खरोखर अप्रतिम होता, हे आज इतक्या वर्षांनीही मी ठामपणे सांगते.

आणि रविवारी मास्तर म्हणाले, "वा तळवली, काय सुंदर माईक केलात. आता तर नीट ऐकू येतंय की तुम्ही वाचून दाखवता."

दादांनी त्या दिवशी गोधड्या काढून घड्या घातल्या.

पुढच्या रविवारी बटणानं घात केला. खाडीची खारी हवा. पितळेच्या कांबीवर हिरवा थर चढला होता, स्प्रिंग गंजली होती. दादांनी हजेरी दिली, "धन्यवाद" म्हणून बटण सोडलं आणि माईक टेबलावर ठेवला. आणखी चार-पाच स्टेशनांची हजेरी झाल्यावर तो बाजूला सरकवताना बटण दाबलं गेलं. ते दाबलेलंच राहिलं. म्हणजे आमच्या खोलीतलं प्रत्येक अक्षर बाहेर जात होतं आणि आम्हाला बाहेरचं काही ऐकू येत नव्हतं. माझ्या कानावरचा हेडफोन गप्प होता. मला वाटलं मास्तर कुणाची तरी वाट बघतायत.

नेमक्या तेव्हाच वहिनी आत आल्या. त्यांच्या माहेरची माणसं आली होती. त्यांनी टेबलावरची डबी बघितली आणि सगळी साठवलेली भांडणं एकदम बाहेर काढली.

"तुमी दोन्ही गालन्या कसाला नेल्या? पावने बसलेत. चाय काय पदरान गालू?"

"अगो, तिची जाली बारीक हाय. तसली दुसरी नाय घरान."

"मंग एक न्यायची."

"एकीचा काय व्हतंय? तोंडाला तोंड लागाला नको?"

हे असं चार-पाच मिनिटं चाललं. जाळीच्या भोकांवरून गोष्ट मोदकपात्रावर गेली, तिथून मलमलीवर, तिथून दादांच्या आईनं वहिनींना लग्नात दिलेल्या फुलपात्रावर. दादा हात नाचवत, उभं राहून, जीव तोडून बोलत होते. वाद कुणी जिंकत नव्हतं आणि दोघांनाही मजा यायला लागली होती. सहज माझी नजर सेटवर गेली. मीटरचा काटा नाचत होता. वहिनी बोलल्या की उडायचा, दादा बोलले की उडायचा. मी बोट दाखवलं. दादांनी बघितलं आणि स्क्रू ड्रायव्हरनं बटण उचकटलं. हेडफोनमध्ये मास्तरांचा आवाज आला. मी हेडफोनची पिन सेटमधून उपटली, म्हणजे सगळ्यांना ऐकू येईल.

"हे कुठलं स्टेशन होतं? कृपया नाव सांगा. कोण बोलत होतं?"

दादांनी सेट बंद केला. गोधडीत तोंड खुपसून बसले.

माझ्या हळूहळू एक गोष्ट लक्षात आली आणि मी मनातल्या मनात वहिनींना हात जोडले. वहिनी नवऱ्याचं नाव घेत नसत. चार-पाच मिनिटांच्या भांडणात तळवली आली नव्हती, सरकारी नाव आलं नव्हतं, दादांचं नाव तर नाहीच. माईकही टेबलावर लांब पडलेला, त्यामुळे मास्तरांना तोही ओळखू आला नसावा. लांबच्या कुणाला कळायचं कारण नव्हतं. वाशीच्या इंजिनीअरना मात्र कळलं असणार. इतक्या जवळून, इतक्या जोरात येणारं दुसरं स्टेशन नव्हतं. पण ते एक शब्द बोलले नाहीत.

त्यानंतरच्या रविवारी मास्तरांनी हजेरी सुरू करण्याआधी दोन मिनिटं घेतली. म्हणाले की मागच्या खेपेला एका गृहस्थांचं बटण अडकलं होतं. असा मोकळा आवाज आपल्या नेटवर मी ऐकलेला नाही. माणूस अगदी समोर उभा होता. ते संकोचानं नाव सांगत नसतील, पण त्यांना कुणी ओळखत असेल तर मेळाव्याला घेऊन या, मला त्यांचा हात हातात घ्यायचाय. मग त्यांनी हजेरी घेतली. तळवलीची पाळी आली तेव्हा दादा गळा खाली नेऊन म्हणाले, "उपस्थित आहे. येथील हवामान स्वच्छ आहे."

आणि बटण सोडल्यावर मला म्हणाले की मी मेळाव्याला येत नाय. त्यांना ज्या आवाजाची लाज वाटत होती तोच मास्तरांना हवा होता, आणि तोही गाळणीवरून भांडतानाचा. तो माणूस मीच, हे सगळ्या हॉलसमोर कसं सांगायचं, हे त्यांना झेपत नव्हतं. मी समजावून थकले. शेवटी वहिनींनी एका वाक्यात निकाल लावला. "तुमी नका येऊ. मी जातंय. गालनी माजी हाय."

तिघं गेलो. दादांनी पांढरा शर्ट घातला होता, तेरा नंबरचा माईक रुमालात बांधून बरोबर घेतला होता. हॉल भरलेला. मास्तर व्यासपीठाखाली लाकडी खुर्चीत बसले होते, किरकोळ अंगाचे, काळा चष्मा, शाल. लोक रांगेनं जात होते. "नमस्कार मास्तर." "अरे, लातूर, बरा झालास का?" "मास्तर, कसे आहात?" "मी बरा, पण तुमचा दमा वाढलाय, नगर." एकही चुकला नाही. प्रत्येक नावाला टाळ्या. वाशीचे इंजिनीअर आमच्या पुढे होते, त्यांना मास्तरांनी नुसत्या खाकरण्यावरून ओळखलं.

मग दादा. त्यांनी हात पुढे केला. मास्तरांनी तो दोन्ही हातांत घेतला. दादांची मान ताठ झालेली मी मागून पाहिली.

"नमस्कार मास्तर. आपला प्रवास सुखरूप झाला असेल, अशी आशा आहे."

मास्तरांनी मान कलती केली. "पुन्हा बोला," ते म्हणाले. दादांनी तेच पुन्हा म्हटलं. मास्तर बराच वेळ हात धरून राहिले आणि मग हळूच म्हणाले, "माफ करा. माईक असता तर सांगितलं असतं."

कुणीतरी हसलं. वाईट मनानं नाही, पण हसलं. तीन महिने ज्याची भीती होती ते झालं होतं. दादांचा हात सैल पडलेला मला दिसला. मी पुढे होऊन काहीतरी बोलणार होते, तर वहिनींनी माझं मनगट असं आवळलं की बांगडी रुतली. दादांनी वळून वहिनींकडे बघितलं. मग मास्तरांकडे.

"मास्तर," ते म्हणाले, आणि तो आवाज वर आला, घरातला, अंगणातला, "तिची जाली बारीक व्हती म्हनून नेली मी. एकीनं काम व्हत नाय. तोंडाला तोंड लागाला लागतं."

मास्तर उभे राहिले. शाल खाली पडली, कुणी उचलली नाही. हात त्यांनी सोडला नव्हता, तो आता छातीशी धरला.

"तळवली," ते म्हणाले. "म्हणजे पाच वर्षं मी दोन माणसांशी बोलतोय होय?"

दादा नुसतेच मान हलवत राहिले, आणि मास्तरांना ते दिसणार नाही हे त्यांच्या लक्षातच आलं नाही.

"आणि वहिनी? त्या आल्यात का?"

"हिथंच हाय," वहिनी मागून म्हणाल्या. "गालनी अजून नाय दिली मना."

हॉल असा हसला आणि असा टाळ्यांनी कडाडला की शाळेचा शिपाई आत डोकावून गेला. या हसण्यात दादाही होते. मी रडत होते, आणि मला त्याचं काही वाटलं नाही. मास्तरांनी रुमालातला माईक मागून घेतला, बोटांनी जाळी चाचपली, जोड चाचपला, नाकाशी नेला आणि जाहीर केलं की चहाचा वास अजून आहे. असा माईक कुणी केलेला त्यांना माहीत नव्हता. वाशीचे इंजिनीअर लगेच पुढे आले आणि म्हणाले, "दादा, मला एक करून द्या. माझा तो परदेशी मी कपाटात ठेवतो." त्यांच्यामागे आणखी सहा-सात जण. दादा सगळ्यांना बजावत होते की गाळणी स्टीलची हवी, प्लास्टिकची चालणार नाही, आणि जोडीनं आणा. घणसोलीच्या भांड्यांच्या दुकानदाराला पुढचे दोन महिने कळत नव्हतं की लोक गाळण्या दोन दोन का नेतायत. वहिनींनाही नव्या दोन मिळाल्या, इंजिनीअरसाहेबांकडून, कागदात गुंडाळून. दादांनी त्यांना हात लावायचा नाही, असं ठरलं.

चौदावा माईक दादांनी स्वतःसाठी कधीच केला नाही. चौदाव्या खिळ्याला पुढे कॅलेंडर लागलं.

मेळाव्यानंतरच्या रविवारी मी वही घेऊन बसले. बटणाला नवी स्प्रिंग होती. ट्यूब बंद, पण गोधड्या लावल्या नव्हत्या, पंखाही चालू होता. साडेआठला मास्तरांनी नेट उघडलं. दादांनी बटण दाबलं. घसा साफ करायला गेले, मग तोही विचार सोडून दिला, आणि सरकारी नाव न सांगताच म्हणाले, "मास्तर, हाय काय?"

सेटमधून ताबडतोब उत्तर आलं. "या तळवली. चहा झाला का?"

दादांनी बटण सोडलं. ते सुटलंय ना, हे दोनदा बघितलं. वहीत दर रविवारी मी मास्तरांचा शेरा लिहायची, आवाज जड, आवाज कापरा, माईक चांगला. माझी पेन्सिल थांबली होती. दादा खिडकीतून चिंचेकडे बघत होते, माझ्याकडे वळले नाहीत.

"लिव, बाय," ते म्हणाले. "ओलखला."

मी तसंच लिहिलं.